रकाना सहावा

अर्जात सहावा रकाना आहे :
'प्रशिक्षकांची पार्श्वभूमी व स्पर्धेतील कामगिरी'.
रुंदी दोन बोटं.
उद्या पाचच्या आत क्रीडा कार्यालयात द्यायचाय
आणि मी अजून मगदूम सरांपाशीच अडकलोय.

जिनदत्त मगदूम. वय एकसष्ट. स्पर्धा : निरंक.
निरंक कसं लिहू?
सर कधी पिस्टवर उतरले नाहीत, खरंय.
बुधगावच्या शाळेत पीटीचे मास्तर;
कुणीतरी पुण्याहून नियमावलीची झेरॉक्स आणून दिली,
तिची सतरा ते बावीस पानं गायब,
म्हणून आम्ही सगळे अजून
मागं सरकताना जरा अडखळतो.
मार्केट यार्डातलं हळदीचं रिकामं गोदाम त्यांनीच मिळवलं.
फरशीवर चुन्याच्या रेघा, चौदा मीटर.
हातात सायकलचे स्पोक, टोकाला बूच.
पहिल्या राज्य स्पर्धेत आमचे पांढरे पोशाख
दोनदा धुऊनही पिवळेच.
नागपूरची पोरं म्हणाली, हळदीला आलात का?
सर म्हणाले, व्हय, लग्न कुणाचं ते संध्याकाळी कळंल.
संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे हरलो होतो.

खाली दुसरं नाव : यास्मिन बाबालाल शिकलगार.
एपी, राष्ट्रीय रौप्य.
एवढं रकान्यात बसतं.

मिरजेला त्यांच्या घरी एके काळी तलवारींना पाणी चढायचं.
तलवारी संपल्या, तेव्हा अर्धं घर भोपळ्यांकडं वळलं,
तंबोरे करू लागलं;
उरलेल्या अर्ध्यानं सहाण सोडली नाही.
विळे, अडकित्ते, न्हाव्यांचे वस्तरे.
पोरीनं पहिल्यांदा एपी घरी नेली
तर बाबालालनी सवयीनं पात्यावर अंगठा फिरवला.
पुन्हा फिरवला.
"हिला धारच न्हाई की गं. मारतीस कशानं?"
"टोकानं."
मग टोक दाबून बघितलं. टक्.
सोडलं. पुन्हा टक्.
जेवण निवेपर्यंत तेच चाललं होतं.

पुराच्या साली किटबॅगा गोदामात राहिल्या.
पाणी सात फूट. भिंतीवर रेघ आहे अजून,
नवी पोरं तिच्याखाली उभी राहून उंची मोजतात.
आम्ही पाती पुसली, रॉकेल चोळलं, सगळं लखलखीत.
टोकाच्या आतली स्प्रिंग कोण उघडून बघतं?
तीन महिन्यांनी फायनल.
पंचांनी टोकावर वजन ठेवलं, साडेसातशे ग्रॅम.
स्प्रिंगनं ते वर ढकलायचं, दिवा विझायचा.
सकाळपासून कशीबशी तगलेली स्प्रिंग;
दिवा विझला नाही. पिवळं कार्ड.
दुसरी एपी दिवसभर पिशवीतून निघालीच नव्हती.
तिचाही दिवा तसाच जळत. लाल.
एकही पाऊल न टाकता समोरचीला एक गुण.
शेवट : पंधरा-चौदा.

परतताना ती रडली वगैरे नाही.
मिरज स्टेशनात उतरून दोन वडापाव खाल्ले,
सुट्ट्यावरून गाडीवाल्याशी भांडली.

आठवड्यानं बाबालाल गोदामात आले, पहिल्यांदाच.
खिशातून लोखंड काढलं :
मंडईतलं किलोचं माप,
मधोमध भोक पाडून, घासून घासून साडेसातशे.
"सोनाराकडं तोलून आणलंय. हरभऱ्याएवढाबी फरक न्हाई."
चहा झाला. गेले.

आता मॅडम रोज सहाला
ते माप घेऊन दारात उभ्या असतात.
पोरं म्हणतात, अजून वर्गणी भरली नाही तरी चालेल,
स्प्रिंग हवी.

मी अर्ज घेऊन जवळ गेलो. काय लिहू?
त्या सातवीतल्या एका पोरीच्या टोकावर वजन ठेवत होत्या.
"रौप्य लिही. आणि थांब जरा."
दिवा पेटला.
पोर श्वास धरून.
मगदूम सरही खुर्चीतून पुढं झुकले
आणि आम्ही चौघं
विझायची वाट बघत राहिलो.